उस्तादांची पेटी आणि दादाचे कान

रविवारी सकाळी अकरा वाजता हेडफोन-स्पीकर विकणाऱ्या त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, भिंतीला टेकून लोक उभे होते, आणि उरलेले जिन्यात पायरीपायरीवर बसले होते. जिन्यातल्यांना वरचं काहीच दिसत नव्हतं, तरी उठायला कोणी तयार नव्हतं. समोर टेबलावर काळा पडदा होता. पडद्यामागे हेडफोनचे दोन अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे इथल्या भाषेत पेट्या, एक बाजारात कुठेही मिळतो तसा आणि दुसरा दुकानाच्या मालकांचा, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत. टेबलाजवळच्या खुर्चीत हेडफोन घालून बसलेला चष्मेवाला, म्हणजे कोपऱ्यावर चष्मे दुरुस्त करणारा गृहस्थ, चक्क रडत होता.

"आता कोणती पेटी वाजतेय?" उस्तादांनी विचारलं.

"दुसरी. तुमची," चष्मेवाला म्हणाला. "व्हायोलिन वाजवणारा श्वास घेतोय, तो ऐकू येतोय."

उस्तादांनी पडदा बाजूला केला. खरोखरच त्यांची पेटी चालू होती आणि तिच्यावरचा हिरवा दिवा मंद जळत होता.

मग त्यांचं प्रवचन सुरू झालं. तुमच्या घरातली वीज मळकी असते, ते म्हणाले. ती शेजाऱ्यांच्या मिक्सरमधून आणि समोरच्या लिफ्टमधून फिरून, दमूनभागून तुमच्याकडे येते. दमलेल्या विजेतून ताजा सूर कसा निघेल? ही पेटी वीज धुते. हिरवा दिवा लागला की वीज स्वच्छ झाली समजायचं. आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, "कान म्हातारे होत नाहीत. कान उपाशी राहतात."

मी अठरा वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. विजेला आंघोळ घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. एरवी मी पोट धरून हसले असते. पण पहिल्या रांगेत माझा मोठा भाऊ बसला होता आणि उस्तादांच्या शब्दाशब्दाला मान डोलावत होता.

दादा पंपाच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं आहे, आणि त्याचं काम म्हणजे ऐकणं. तिथे गादीच्या भिंती असलेली एक छोटी खोली आहे. तिला सगळे 'कानाची खोली' म्हणतात. तयार झालेली प्रत्येक मोटार तिथे येते. दादा ती चालू करतो, लाकडी दांडक्याचं एक टोक मोटारीला टेकवतो, दुसरं कानाशी धरतो आणि आतलं बेअरिंग ऐकतो. बेअरिंग बिघडणार असेल तर ते आधी बारीक, उंच आवाजात कुरकुरतं. ती कुरकुर नसेल तरच दादा खडूने खूण करतो, आणि खडूची खूण नसेल तर मोटार खोक्यात जात नाही. कारखान्यात यंत्रं बदलली, साहेब बदलले, पण खडू दादाच्याच हातात राहिला.

गेल्या काही महिन्यांत दोनदा माल परत आला. दोन्ही वेळा मोटारींवर दादाची खूण होती. साहेबांनी त्याला कान तपासून यायला सांगितलं आणि दादाने ते टाळलं. त्याच सुमारास तो मला म्हणाला की घरी हेडफोनवर गाणी पूर्वीसारखी लागत नाहीत, सगळं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, तुझे हेडफोन मोठे आहेत, फोनची ताकद त्यांना पुरत नसेल, टेबलावर ठेवायचा एखादा साधा अ‍ॅम्प्लिफायर घे. सल्ला चुकीचा नव्हता. पण तो निवडायला दादा या दुकानात शिरला, म्हणजे त्याला इथे मीच धाडलं म्हणायचं.

उस्तादांनी त्याला पेटी तर दिलीच, वर चाळीस दिवसांची 'श्रवणसाधना' सांगितली. रोज दोन तास हेडफोन लावून बसायचं आणि रोज आवाजाचं बटण एक रेघ पुढे सरकवायचं. कान हळूहळू उघडतात म्हणे. चाळीस दिवसांनी कान तपासायला जा, डॉक्टरच चाट पडतील. दादाला हेच हवं होतं.

सव्विसाव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, वहिनीचा फोन आला. ती म्हणाली, "मी स्वयंपाकघरात असते आणि त्यांच्या हेडफोनमधलं गाणं मला शब्दन् शब्द कळतं. उठले की कानात शिटी वाजते म्हणतात. उस्ताद म्हणे ती कान उघडल्याची खूण आहे."

मी शाळा सुटल्यावर तडक गेले. बटणावर दादाने पेन्सिलीने सव्वीस बारीक रेघा ओढल्या होत्या. सुरुवात घड्याळात नऊ वाजल्याच्या जागी होती, आता बटण अडीचच्या पुढे गेलं होतं. मी हेडफोन कानाला लावले आणि ताबडतोब काढले. कान दुखले. दादाला म्हटलं, हे बंद कर आणि उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चल.

"तू शाळेत पोरांना शिकव," तो म्हणाला. "कान माझे आहेत."

बोलाचाली वाढली. तेवढ्यात ओव्हनचा गजर वाजायला लागला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. दादा बोलतच राहिला. वहिनीने मुकाट्याने जाऊन गजर बंद केला. मी निघाले तेव्हा दादा मला म्हणाला, एवढीच अक्कल असेल तर रविवारी ये आणि चारचौघांत सांग.

म्हणून मी त्या रविवारी पर्समध्ये शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घालून गेले होते.

उस्तादांनी "कोणाला शंका?" असं विचारलं. ते नेहमीच विचारायचे, कारण कोणी काही बोलायचं नाही. मी उठले. म्हटलं, दोन्ही पेट्यांमधून हेडफोनला किती व्होल्ट जातात तेवढं मोजू द्या. उस्ताद हसले. यंत्राने नाद मोजता येत नाही, ताई, तो हृदयाने मोजायचा, असं म्हणाले. लोकही हसले.

"मोजू द्या तिला," दादा म्हणाला. "आमच्याकडे मोटार आधी मीटरवर लावतात, मग माझ्याकडे येते. मीटरला कोण घाबरतं?"

त्याचा विश्वास इतका पक्का होता की मीटरसाठी वाट त्यानेच करून दिली. हे मला अजून टोचतं.

फोनवर मी वर्गात लावते ते सुरांचं रेकॉर्डिंग होतं. त्यातला एक खालचा, सरळ सूर लावून दोन्ही पेट्या मोजल्या. चष्मेवाला मीटर वाचत होता. साध्या पेटीला आकडा आला ०.४ व्होल्ट, उस्तादांच्या पेटीला ०.६.

"म्हणजे काय?" जिन्यातून कोणीतरी विचारलं.

म्हणजे इतकंच, की उस्तादांची पेटी जरा मोठ्याने वाजत होती. फार नाही. आवाज फार मोठा केला तर चोरी पकडली जाते. पण आवाज थोडासाच वाढला तर आपल्याला तो मोठा झाल्यासारखा वाटत नाही, चांगला झाल्यासारखा वाटतो. झांजा चमकतात, खालचे सूर भरतात, वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. तो श्वास साध्या पेटीतही होता. मी साध्या पेटीचं बटण फिरवून तिचाही आकडा ०.६ वर आणला, दोन्ही बटणांवर चिकटपट्टी लावली आणि पडदा ओढला.

आता दादा खुर्चीत बसला. नाणं उडवून मी दहा वेळा पेटी निवडली आणि दहा वेळा त्याने ओळखली. दहापैकी पाच बरोबर आल्या. चष्मेवाल्याच्या चार आल्या. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी इतकंच आलं असतं.

उस्ताद म्हणाले, चिकटपट्टीमुळे पेटी नाराज झाली. पण आता चष्मेवाल्याचं डोकं फिरलं होतं. तो मघाशी सगळ्यांसमोर रडला होता आणि ते त्याला झोंबत होतं. त्याच्या खिशात बारीक स्क्रू ड्रायव्हर कायम असतो. उस्ताद हां हां म्हणेपर्यंत त्याने पेटीचं झाकण उघडलं. आत साध्या पेटीत असते तीच सर्किटची हिरवी पट्टी, तोच छापील क्रमांक. वजन यावं म्हणून तळाला शिशाची वडी. आणि वीज धुतली गेल्याची वर्दी देणारा तो दिवा थेट बटणाला जोडलेला होता. पेटी चालू केली की तो लागायचा. वीज मळकी असो की धुतलेली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. लोक उठायला लागले होते, उस्ताद पडद्याची घडी घालत "लोकांना समाधान तर मिळत होतं" असं पुटपुटत होते. मी फोन उचलला, तेव्हा दादाने माझा हात धरला.

"पेटी खोटी असेल," तो म्हणाला. "पण मी सत्तावीस दिवस साधना केलीय. माझे कान उघडलेत. तुझ्या रेकॉर्डिंगमधले वरचे सूर लाव. सगळ्यांसमोर लाव."

मी नाही म्हणायला हवं होतं. घरी चल, आपण दोघं बघू, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी जिंकले होते आणि जिंकल्याची धुंदी अजून उतरली नव्हती. मी खोलीतल्या स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं आणि सांगितलं, सूर ऐकू येतोय तोवर हात वर ठेवा.

सेकंदाला हजार कंपनांचा सूर आला, सगळे हात वर. दोन हजार. तीन हजार. खिडकीशी बसलेल्या एका आजीबाई दोन्ही हात वर करून बसल्या होत्या, त्यांना मजा वाटत होती. मग चार हजारांचा सूर आला, बिघडणारं बेअरिंग कुरकुरतं त्याच उंचीचा. दादाने हात खाली घेतला. सूर संपला असं समजून तो हसत मागे वळला आणि मला म्हणाला, "झालं ना? सगळे ऐकले."

मागे खोलीभर हात वर होते. आजीबाईंचे दोन्ही.

दादा ते हात बघत राहिला. एकेक करून लोकांनी हात खाली घेतले, लाजल्यासारखे. सूर अजून वाजत होता. मी तो बंद केला तेही त्याला कळलं नसावं.

जिना उतरताना तो मधल्या पायरीवर बसला. मीही बसले. त्याने विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"वर्षभर झालं असेल. दाराची घंटा, ओव्हनचा गजर, वहिनीच्या थर्मामीटरची पिपपिप, तुला काहीच ऐकू यायचं नाही."

"तिलाही माहीत होतं?"

"हो."

"आणि दोघीही बोलला नाहीत."

उस्तादांना मी तासाभरात उघडं पाडलं, पण वर्षभर मी स्वतः काय मानत होते? आपण त्या गोष्टीचं नाव काढलं नाही तर ती होणार नाही, असंच ना? वहिनी गजर गुपचूप बंद करायची आणि मी दादाशी बोलताना नकळत आवाज चढवायचे. त्या गप्प बसण्याला आम्ही माया म्हणत होतो. उस्तादांना जागा आम्हीच करून दिली. दादाला कोणीतरी त्याच्या कानांबद्दल बोलायला हवं होतं, आणि बोलणारा तो एकटाच निघाला.

दादा कान तपासायला आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. दोन्ही कानांची रेघ चार हजारांपाशी खड्ड्यात उतरली होती. दादाने एकच प्रश्न तीनदा विचारला, यातलं कारखान्याच्या वर्षांचं किती आणि सत्तावीस दिवसांचं किती? बाई म्हणाल्या, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. गेलेलं परत येत नाही, शिटी कदाचित कमी होईल, उरलेलं मात्र जपता येईल. दादाने दुसऱ्याच दिवशी खडू साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि आपली खूण असलेला गोदामातला सगळा माल पुन्हा तपासा, असं स्वतः सांगितलं. कानाची खोली आता कंपनं मोजणाऱ्या यंत्राला दिली आहे. दादा भांडार सांभाळतो. त्याला ते काम आवडत नाही, आणि तसं तो स्पष्ट सांगतो.

तुम्हाला घरी चांगलं ऐकायचं असेल तर जरूर अ‍ॅम्प्लिफायर घ्या. फोनवर आवाज पुरत नसेल किंवा वाढवताच फाटत असेल तर त्याचा उपयोग होतो. दोन पेट्या पारखायच्या असतील तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, मग झाकून ऐका. दिव्यांवर जाऊ नका. आणि गाणं अचानक मळकट वाटायला लागलं तर पेटीआधी कान तपासून घ्या. एवढ्याला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. घरातल्या कोणाला ऐकू येत नाही असं दिसलं, तर ते त्याच आठवड्यात त्याला सांगा. मी सांगितलं नाही.

आता दादाकडे एक साधी पेटी आहे. तिचं बटण नऊवर चिकटपट्टीने बसवलं आहे. परवा मी तिथे होते, आम्ही बोलत होतो आणि ओव्हनचा गजर झाला. वहिनी उठायला लागली, मी तिला हाताने थांबवलं.

"दादा," मी म्हटलं, "वाजतंय."

तो उठला आणि त्याने जाऊन गजर बंद केला.