भुकटीचं दूध

"परवा सरकारी समितीची माणसं येणार आहेत," दूध केंद्र चालवणाऱ्या सुमनताई म्हणाल्या. "तुम्हालाच विचारतील."

सोजराबाईनं पळी थांबवली नाही. भुकटी कोमट पाण्यात कालवून झाली होती. आता वरून गरम पाणी पडत होतं, आणि अशा वेळी हात थांबला की गुठळ्या धरतात.

"मला काय इचारायचंय त्यास्नी?"

"मुलांना हे दूध बाधतं का, एवढंच. दूधवाल्यांच्या मंडळानं वर अर्ज केलाय. परदेशी भुकटीनं पोरांना जुलाब होतात म्हणे. केंद्र बंद करा म्हणतायत."

"कुणाला झालं जुलाब?"

"तेच सांगायचं त्यांना. मी सांगितलं तर म्हणतील, ही पुण्याची बाई, हिला गावातलं काय कळतं. तुम्ही गावच्या. पहिल्या दिवसापासून पोरं तुमच्या हातचं दूध पितायत."

"सांगीन की," सोजराबाई म्हणाली. "त्यात काय एवढं."

पिंपरी गावातल्या शाळेच्या पडवीत हे केंद्र चालत असे. परदेशातून पुठ्ठ्याच्या पिंपांत भुकटी यायची आणि तिचं दूध रोज सकाळी पोरांना फुकट मिळायचं. गावातली पोरं यायची, फाळणीनंतर वसलेल्या कॅम्पातली सिंध्यांची यायची, वीटभट्टीवरची यायची. पेला घरून आणायचा आणि जागेवरच प्यायचं, असा नियम होता. नियम मोडायची कुणाला गरजही पडत नसे, कारण पोरं रांगेतून बाजूला होईपर्यंतच पेला रिकामा करीत.

रांगेत शेवटी रहिमाबी असायची. तिचा नवरा बरकत बाजारात भांड्यांना कल्हई लावून द्यायचा. तिची बेगम तीन वर्षांची झाली तरी चालत नव्हती. म्हशीचं दूध पाजलं की ओकून टाकायची, आणि आईच्या अंगावरचं कधीच आटलं होतं. या केंद्रावर दिवाळीपासून दूध सुरू झालं आणि होळीच्या सुमाराला पोरगी पडवीच्या भिंतीला धरून चालायला लागली. सोजराबाईला मूलबाळ नव्हतं. नवरा गेला तेव्हा ती विशीतही नव्हती. त्या पोरीवर तिचा जीव होता, आणि तो लपवावा असं तिला कधी वाटलं नाही. बेगमचा पेला ती काठोकाठ भरायची.

"आक्का, बंद नाय ना व्हनार?" त्या दिवशी रहिमाबीनं विचारलं. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"कशाला व्हतंय? मी सांगनार हाय ना."

मंडळातली माणसं काही राक्षस नव्हती. पिंपरी, रहाटणी, काळेवाडी अशा आसपासच्या गावांतले हे शेतकरी. कॅम्प वसला, पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, तसं दुधाला गिऱ्हाईक वाढलं. मग कुणी दोन म्हशी वाढवल्या, कुणी गोठा वाढवला. पुढे फुकटचं दूध आलं आणि अर्धा शेर घेणारी घरं पावशेरावर आली. म्हैस मात्र वैरण तेवढीच खाते. तेव्हा ही माणसं एकत्र आली, त्यांनी मंडळ काढलं, आणि मंडळाच्या अध्यक्षपदी लक्ष्मणरावांना बसवलं. लक्ष्मणराव हे सोजराबाईचे थोरले दीर.

नवऱ्यामागं ती त्यांच्याच घरात राहात होती. त्यांनी तिला खाण्यापिण्याला, लुगड्याला कधी कमी पडू दिलं नाही. ते तिला कधी वाकडा शब्द बोलले नव्हते. सरळही बोलले नव्हते. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत होती, त्या घरचीच काय, अख्ख्या गावची. लक्ष्मणराव घरच्या पडवीत आले की ती पदर ओढून भिंतीकडे सरकायची. काही सांगायचं असलंच तर दोन हातांवर उभ्या असलेल्या भावजयीलाही निरोप ते बायकोच्या तोंडून द्यायचे. "तिला म्हणावं, गोठ्यात दिवा लाव." मग शालनबाई वळून म्हणायची, "सोजरा, गोठ्यात दिवा लाव गं." सोजराबाईला यात काही खटकत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून हे असंच होतं.

केंद्रावर कामाला जायची परवानगीही अशीच शालनबाईच्या तोंडून मिळाली होती. तेव्हा भुकटीच्या दुधानं कुणाचं काही अडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

समितीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर मंडळाची बैठक भरली. समितीचे मुख्य सोपानराव स्वतः आले होते. शेजारच्याच गावचे, आणि येत्या निवडणुकीला उभे राहणार होते. आतल्या घरात सोजराबाई चहा गाळत होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"सोपानराव, आमी सरळ बोलतो," कुणीतरी म्हणालं. "सात गावं हायेत. घरटी म्हस हाय. तुमाला मतं पायजेत, आमाला गिऱ्हाईक पायजे."

"ते मला समजतं हो. पण मला कागदावर दाखवायला काहीतरी हवं. उगाच केंद्र बंद केलं तर वर्तमानपत्रवाले धरतील. तिथली बाईच म्हणाली की पोरांना बाधतं, तर माझं काम सोपं होईल."

"बाई आमच्याच घरातली हाय," लक्ष्मणराव म्हणाले.

"मग सांगा की तिला."

मग लक्ष्मणराव म्हणाले, "खोटं बोल असं मी कुणाला सांगनार न्हाई. मी उद्या येतो तिथं."

सोपानरावांना आधी उमगलं नाही. मग उमगलं असावं, कारण ते हसले आणि त्यांनी दुसरा चहा मागवला.

आत सोजराबाईच्या हातात गाळणं तसंच राहिलं. तिला वाटलं, ते येणार म्हणजे दुसरीकडे कुठंतरी बसतील, पुरुष बसतात तसे. रात्री अंथरूण घालताना शालनबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या ते पन येनार हायेत गं शाळेत." शालनबाईला आणखी काही म्हणायचं होतं, पण तिनं ते म्हटलं नाही आणि दिवा बारीक केला.

दुसऱ्या दिवशी समितीचे तिघे पडवीत खुर्च्यांवर बसले. पोरांचं दूध पिऊन झालं होतं. पोरांच्या आया मागं अंगणात उभ्या होत्या, रहिमाबी बेगमला कडेवर घेऊन सगळ्यांत पुढं. सोजराबाई रिकाम्या पातेल्याशेजारी उभी होती. काय बोलायचं ते तिचं ठरलं होतं. कुनाला बाधत न्हाई. एकाबी पोराला बाधलं न्हाई.

तेवढ्यात लक्ष्मणराव आले. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, खुर्ची दिली ती नाकारली, आणि दाराच्या चौकटीशी उभे राहिले. त्यांनी सोजराबाईकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिचा हात आपोआप वर गेला. पदर कपाळावरून खाली आला आणि ती भिंतीकडे वळली.

"बाई," सोपानराव म्हणाले, "या दुधानं मुलांना त्रास होतो का?"

पदराआडून तिला सारवलेली जमीन दिसत होती आणि चौकटीपाशी लक्ष्मणरावांच्या वहाणा. ओठ मिटलेलेच राहिले. भीती वाटत नव्हती. लक्ष्मणराव काही मारणार नव्हते, घराबाहेर काढणार नव्हते. नुसता आवाज येत नव्हता, जसा त्या घरात त्यांच्यासमोर इतकी वर्षं आला नव्हता.

"सोजराबाई, बोला ना," सुमनताई म्हणाल्या. "घाबरू नका. परवा मला सांगत होतात तेच सांगा."

अंगणातल्या बायकांना सगळं कळत होतं. त्यांच्याही घरी थोरले दीर होते. रहिमाबीच्या मोहल्ल्यात ही रीत नसली तरी ती गावातच वाढलेली, तिलाही कळत होतं. ती एकदम म्हणाली, "साहेब, मी सांगते, माझी पोर ह्या दुधावर..."

"तुम्हाला फुकट मिळतं, तुम्ही चांगलंच म्हणणार," सोपानराव म्हणाले. "मी दूध करणाऱ्या बाईला विचारतोय. बाई, त्रास होतो म्हणून गप्प आहात का? तसं नसेल तर नाही म्हणा."

अंगणात कावळा ओरडत होता. मग सोपानरावांनी शेजारच्यांना म्हटलं, "लिहा. बाईंनी इन्कार केला नाही."

सगळे गेल्यावर सुमनताई पातेल्याशेजारी मटकन बसल्या. "एक शब्द," त्या म्हणाल्या. "एक शब्द बोलला असतात तर."

"त्ये हुतं तितं."

"कोण?"

"थोरलं दीर."

सुमनताईंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचं तोंड पांढरं पडलं. "मग मला आधीच का नाही सांगितलंत? मी त्यांना बाहेर बसवलं असतं!"

अशी गोष्ट सांगावी लागते हेच सोजराबाईला ठाऊक नव्हतं. तिनं पातेलं उचललं आणि घासायला नेलं.

महिन्याभरात केंद्र बंद झालं. सुमनताईंची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. निवडणुकीत सोपानराव निवडून आले. त्यांची मिरवणूक गावातून गेली तेव्हा सोजराबाई गोठ्यात शेण काढत होती, आणि तिला ढोल ऐकू आले ते दुसऱ्या कुठल्या तरी गावात वाजत असावेत तसे. या सगळ्या दिवसांत तिला रडू आलं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त केंद्राच्या वेळेला तिचे हात नुसते मांडीवर पडून राहायचे.

एका दुपारी बैलगाडी दारात आली. वर कडबा होता आणि कडब्याखाली पुठ्ठ्याची पिंपं. उरलेली भुकटी पडून खराब होईल म्हणून सोपानरावांनी मंडळाला देऊन टाकली होती. लक्ष्मणराव बायकोला म्हणाले, "तिला म्हणावं, उद्यापासून आपल्या दुधात हिचं दूध निम्म्यानं घालायचं. गुठळी दिसता कामा नये."

शालनबाई वळली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. सोजराबाईनं ऐकलं होतंच. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पाणी कोमट केलं, भुकटी कालवली, गुठळी होऊ दिली नाही, आणि ते दूध म्हशीच्या धारेत मिसळून दिलं. हात चालत होते. त्यांना हे काम येत होतं.

पाच-सात दिवसांनी रहिमाबी दारात आली. बेगम कडेवर होती. पुन्हा पाय लोंबकळत होते, पण पोरगी हसत होती.

"आबा, पावशेर," रहिमाबी म्हणाली. लक्ष्मणरावांनी माप हातात घेतलं. रहिमाबीची नजर आत गेली. "आक्का, तुमच्या घरचं दूध पोरगी पिती बगा. परवा शेजारणीनं तुमच्याकनं नेलेलं पाजलं. पयल्यांदाच ओकली न्हाई. न्हाईतर म्हशीचं तिला चालतच न्हाई. तुमच्या म्हशीला काय घालता ओ?"

लक्ष्मणराव माप धरून उभे होते. शालनबाई उंबऱ्यावर बसून गहू निवडत होती, तिचे हात थांबले. सोजराबाई नेहमीसारखी भिंतीकडे वळली होती, पदर कपाळावर होता.

"भुकटीचं हाय त्ये," ती म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता, पण ओट्यापर्यंत पोचला. आपल्या भावजयीचा आवाज लक्ष्मणरावांनी पहिल्यांदाच ऐकला. शालनबाईनं सूप खाली ठेवलं.

"शाळेतलंच," सोजराबाई म्हणाली. "त्येच. मीच कालवते."

रहिमाबीनं एकदा लक्ष्मणरावांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं असेल किंवा कसलंही असेल, सोजराबाईला सांगता आलं नसतं. बेगम आईचा पदर ओढून दुधाकडे हात करत होती.

रहिमाबीनं भांडं मागं घेतलं नाही.

"पावशेर," ती पुन्हा म्हणाली, आणि लक्ष्मणरावांनी माप भरून तिच्या भांड्यात ओतलं.