सावरटाक्याचे पाठमोरे

धाड गावच्या कुस्त्यांच्या दंगलीत सावरटाका गावची माणसे आखाड्याकडे पाठ करून बसत आणि मान वळवून कुस्ती पाहत.

त्या गावच्या पैलवानाला मग 'पाठमोरा' हे विशेषण लागे, आणि त्याचा अर्थ पंचक्रोशीत एकच होता: कुस्ती विकणारा, पैसे घेऊन हरणारा. सन १९१४ मध्ये सावरटाक्याचे पैलवान किसनराव एका परक्या मल्लाकडून पाच मिनिटांत चीत झाले. ती कुस्ती विकलेली होती आणि लाजेने गावाने पाठ फिरवली, असे सांगत. किसनरावांनी ते कधी नाकारले नाही. पुढची बावीस वर्षे ते दंगलीला फिरकले नाहीत, आणि मग वारले.

खामगावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारे त्यांचे पुत्र शेषराव तेराव्याची पंगत वाढत होते. भाऊबंदांतला तुळशीराम म्हणाला, "पाठमोरा गेला. आता गावानं आखाड्याकडं तोंड कराले हरकत नाही." पंगत हसली. शेषरावांनी त्याच्या पानात भात वाढला. राग आला नाही, रडू आले नाही. बापाने कुस्ती विकली होती की नाही, एवढेच ठाऊक नव्हते. आणि न तपासता मान्य करणे त्यांना जमत नसे.

आठवड्याने ते धाडला गेले. दंगलीत साठ वर्षे डफ वाजवलेले फकीर मोहम्मद ओट्यावर बसले होते.

"चाचा, आमचं गाव तसं काऊन बसते?"

"आंधी आखाडा घाटाच्या पायऱ्यांच्या खाली होता, नदीकडं. पुरानं गाळ भरला, मंग पायऱ्यांच्या मांगं नवा खणला. पायऱ्या तुमच्या गावाच्या मानाच्या. उठले असते त मान दुसऱ्या गावाले गेला असता."

"कोणत्या साली?"

"संवत छपन्नच्या, म्हंजे इंग्रजी १९०० च्या दुष्काळाच्या आंधी. तुमचे बाबा तवा लंगोटही बांधत नव्हते. त्याइनं कधी इचारलंच नाही मले."

शेषराव नदीवर गेले. पायऱ्या नदीकडे उतरत होत्या. त्यांवर बसणाऱ्याची पाठ नव्या आखाड्याकडेच होई. खाली त्यांनी काळा गाळ उकरला. दीड हातावर लाल माती लागली, बाहेरून आणून टाकलेली, आखाड्याची.

सावरटाका पाठमोरा बसे, कारण पुरानंतर आखाडा हलला आणि गावाने मानाची जागा सोडली नाही. किसनरावांची कुस्ती त्यानंतर किमान चौदा वर्षांनी झाली. त्यांनी ती विकली, याला गावाच्या बसण्यापलीकडे दुसरा पुरावा कोणी कधीच दिलेला नव्हता.