पेंटर आणि मंडळी

“नर्सबाई, आता तुम्ही निवांत झोपा. कागदावरच तसं लिहिलंय!”

सोळा वर्षांपूर्वी पेंटर हसत हसत बोलला, तो आवाज अजून तिच्या कानात होता. जन्मभर रात्रपाळ्या जागलेली ती बाई निवृत्तीचे पैसे पाट्या रंगवायच्या दुकानात घालून ‘निद्रिस्त भागीदार’ झाली होती. कामात ढवळाढवळ करायची नाही, एवढीच कागदावरची अट.

“जात्याचं तसंच असतं, बाई,” तो म्हणायचा. “वरचा दगड फिरतो, खालचा निजतो. पीठ दोघांचं.”

दारावरची पाटी त्यानं त्याच आठवड्यात रंगवली : ‘पेंटर आणि मंडळी’. समोरचा शिंपी लगेच ओरडला, “काय रे, मंडळी म्हणजे भागीदार, की घरची मंडळी?”

पेंटरचे कान लाल झाले. ब्रश धुता धुता त्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं. तोही एकटा, तीही एकटी.

“भागीदारच हो!” ती म्हणाली आणि छत्री उघडून चालू लागली.

मग दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती यायची. टर्पेंटाइनच्या वासात स्टुलावर बसायची, चहा प्यायची, जायची. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या पाटीवर त्याची वेलांटी थरथरली. नर्सच्या डोळ्यांना त्याच्या हाताचं दुखणं तेव्हाच कळलं. शब्द ओठांवर आला. पण अट आठवली, आणि तो चहाच्या घोटाबरोबर खाली गेला.

आज त्याला कपही धरवत नव्हता. दुकान पाट्या छापणाऱ्या यंत्रवाल्यानं घेतलं होतं. शिंपीच शिडीवर चढला.

“सरका हो भागीदार, डोक्यात पडेल!”

पाटी उतरली, भिंतीला टेकली. शिंपी शिडी उचलून घेऊन गेला.

“लाकूड चांगलं आहे,” पेंटर म्हणाला. “कुणी खरवडून वापरेल.”

तिनं त्याचा हलता हात आपल्या हातात घेतला. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

“हा हलायला लागला तेव्हाच मी बोलायला हवं होतं.”

“कागदात नव्हतं ना, बाई.”

“जळो तो कागद.”

रुमालानं तिनं पाटीच्या एका टोकाची धूळ पुसली. ‘पेंटर’ तसाच राहिला. ‘मंडळी’ तेवढी लख्ख झाली. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली,

“पेंटर, हा शब्द मी पहिल्याच दिवशी दोन्ही अर्थांनी वाचला होता.”