पुष्पाचा ढावलो

या, असं लांब बसू नका. सतरंजी मोठी आहे, इकडं माझ्याजवळ सरका. बुवा अजून यायचेत, टाळकरी चहा पिताहेत. तोवर एक गोष्ट सांगते. कीर्तनाच्या मांडवात पिक्चरची गोष्ट काय सांगते ही बाई, असं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. मला ती इथंच आठवते. बुवा आळवायला लागले की आठवतेच.

दोन हजार सहा सालची गोष्ट. माझी पुतणी पुष्पा, म्हणजे माझे थोरले दीर हिरासिंग आणि जाऊ सुखीबाई यांची लेक. दारव्ह्याजवळ आमचा बंजाऱ्यांचा तांडा. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. तुमच्यासाठी आमचं बोलणं वऱ्हाडीतच सांगते. मला कीर्तनाचं वेड, तिला पिक्चरचं. मी सप्ताह शोधत गावोगाव फिरायची, ती दारव्ह्याच्या टॉकीजला जायची. आम्हा दोघींना घरचे सारखीच नावं ठेवायचे, त्यामुळे आमचं जमायचं.

पोरगी एका जागी बसायची नाही. कापूस वेचायला गेली तरी एका ओळीत टिकायची नाही. या ओळीतून त्या ओळीत, आणि तोंड सुरूच.

"काकी, गाण्यातलं सगळ्यात भारी काय असते सांगू? शब्द नाई. दोन कडव्यांच्या मधी जे वाजते ना, ते. शब्द हिरोचे असते, हिरोईनचे असते. मधलं म्युझिक कोणाचंच नसते. ते आपलं."

"आणि पिक्चर चांगला का वाईट, कसं समजते तुले?"

"नावं येते ना सुरुवातीले, तवाच समजते. नावं येऊन राह्यली आन् बाजा नुसताच धडाधडा वाजत असला, तर समजायचं, मारामारी. सतार हळू वाजली, तर कोणीतरी मरणार."

मारामारीचे पिक्चर तिला आवडायचे नाहीत, पण ती तेही बघायची. एकदा मला म्हणाली, "हिरोईन डोंगरावर एकटी गाते, मंग पेटीवाले, तबलेवाले कुठं बसते? झाडामागं?" मी म्हटलं, "माह्या कीर्तनात तरी टाळकरी समोर दिसते." तर म्हणते, "म्हणूनच कीर्तनात मजा नाई. सगळं दिसते."

अशी पोर. तिचं लग्न ठरलं दिग्रसकडच्या एका तांड्यात. मुलगा चांगला होता. त्या वर्षी कापसाच्या भावानं कोणालाच एकट्यानं मांडव घालू दिला नाही. दारव्ह्यात सामूहिक लग्न लागणार होतं, एकाच मैदानात सगळ्या जातीच्या जोड्या, त्यात आमची पुष्पा.

आता आमच्यात काय रीत आहे ते सांगते. नवरी सासरी निघते तेव्हा ती ढावलो गाते. आईच्या, बापाच्या, भावाच्या गळ्यात पडायचं आणि गात गात रडायचं. ज्याच्या गळ्यात पडली त्याचे तिच्यावर काय काय उपकार, ते त्याला सांगायचं, चाल जुनी, शब्द तिचे. लग्नाआधी जुन्या बायका नवरीला संध्याकाळी बसवून शिकवतात. सुखीबाईचा ढावलो आमच्या तांड्यात अजून लोक आठवतात. आमच्या सासऱ्यांनी म्हणे जनावरांच्या बाजाराची घाई सोडून बैलगाडी थांबवली होती, ऐकायला.

आणि पुष्पा शिकायला बसेना.

"रडायचं काय शिकायचं, काकी?"

"अवं, रडणं येतेच. सांगणं शिकायचं असते."

"पिक्चरमधी नवरी गप्प असते. शहनाई रडते. किती सुंदर दिसते तवा! काजळपण पसरत नाई."

"ते पिक्चरवाले पैसे देते तिले गप्प राह्यचे," शेजारची म्हातारी मानीबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. पुष्पा उठून गेली. अंगणात फेऱ्या मारत राहिली, चुलीपाशी आली, पुन्हा गेली. मला वाटलं, हिला लाज वाटते. पण रात्री भांडी घासताना हळूच म्हणाली, "काकी, मले दुसऱ्याचंच गाणं येते. माह्यं तोंड उघडलं, आन् काही निघालंच नाई तर? सगळे तांड्यातले ऐकून राह्यले असतीन."

सुखीबाई आतून ऐकत होती. ज्या लेकीनं ढावलो गायला नाही, तिच्या आईबद्दल बायका काय म्हणतात, ते तिला ठाऊक होतं. लेकीच्या मनात आईसाठी शब्दच नव्हता, असं म्हणतात.

मग पुष्पानं आपला मार्ग काढला. दारव्ह्यात इम्तियाज म्हणून एक पोरगा होता, क्यासेटचं दुकान आणि लाउडस्पीकर भाड्यानं देणारा. लग्नाचा भोंगा त्याचाच होता. पुष्पानं आपल्या आवडत्या पिक्चरमधलं पाठवणीचं गाणं त्याच्याकडं देऊन ठेवलं.

"बिदाईले हेच लावजा, भाई. फुल आवाजात."

"बेफिकर राह्य, बहना. यवतमाळपर्यंत ऐकू जाईन."

म्हणजे कोणाला तिच्याकडून काही ऐकायची गरजच पडणार नव्हती. आनंदात होती पोर. मी मात्र अस्वस्थ होते. अक्षता पडेपर्यंत माझा पाय एका जागी ठरला नाही.

लग्न लागलं. आयोजकांनी सगळ्या नवरीमुलींना एकसारखी लाल साडी दिली होती, आणि आमच्या पोरींनी रीतीप्रमाणं पदर तोंडावर ओढला होता. पाठवणीची वेळ झाली तशी गर्दी फुटली, खुर्च्या हलल्या, जीपा हॉर्न वाजवायला लागल्या. इम्तियाजनं गाणं सोडलं. शहनाई एवढी जोरात की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळेना.

सुखीबाई वाट काढत आली आणि तिनं लेकीला मिठी मारली.

मिठीतली नवरी गायला लागली. "याडी ये…" म्हणजे आई गं. इतका गोड, इतका तुटलेला आवाज! मी जवळ होते म्हणून ऐकलं. आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज पुष्पाचा नव्हता. पुष्पा माझ्या मागं उभी होती.

सुखीबाईनं दुसऱ्याच कोणाची लेक धरली होती.

आईला आवाज कळला नसेल? कळला. तिची पाठ ताठ झाली, मी पाहिलं. पण तिनं हात सोडले नाहीत. ती पोर पदराआड सांगत होती, तू मला कडेवर घेतलंस, तू मला विहिरीवर नेलंस, आणि सुखीबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत "हो बाई, हो" म्हणत होती. त्या मुलीच्या बाजूला तिचं असं कोणी बायकामाणूस दिसत नव्हतं. एक म्हातारा चुलता तेवढा ट्रंक धरून उभा.

पुष्पानं पदर वर केला. आपल्या आईच्या गळ्यात पडून दुसरी मुलगी गाते आहे, आणि आपण ऐकायला धडपडतो आहोत, पण ऐकू येतेय फक्त शहनाई. ती वळली आणि सरळ भोंग्याच्या टेबलापाशी गेली.

"इम्तियाजभाई, बंद करा ते."

"अवं, तूच दिली न क्यासेट?"

"माही याडी रडून राह्यली. मले ऐकू येऊन नाई राह्यलं. बंद करा!"

त्यानं घाबरून बटण दाबलं. मैदान एकदम रिकामं वाटलं. पुष्पा धावत आली. सुखीबाईनं एक हात त्या मुलीभोवती तसाच ठेवला आणि दुसऱ्यात लेकीला ओढलं.

आणि पुष्पाचं तोंड उघडलं. चाल चुकली. मधेच पिक्चरची चाल लागली, मधेच आमची. "याडी, तू वेचणीले जाताना मले झाडाखाली झोपवलं. याडी, मले टॉकीजले पाठवलं आन् बापूले सांगितलं, मावशीकडं गेली!"

बापू, म्हणजे हिरासिंगदादा, समोरच उभे होते. "आँ?" म्हणाले. रडणाऱ्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. सुखीबाईही हसली, तशीच रडत. पुष्पा थांबेचना. कोणत्या पिक्चरला, कोणत्या जीपनं, आईनं डब्यात काय दिलं, सगळं गाऊन सांगितलं पोरीनं सगळ्यांदेखत. शेवटी ड्रायव्हर ओरडला तेव्हा कुठं ती जीपमध्ये बसली. काजळ गालभर पसरलं होतं.

ती सुखात आहे. दोन लेकरं आहेत, त्यांना पिक्चर दाखवते.

पण मी तिच्यासाठी नाही सांगितलं हे. ती दुसरी मुलगी आमच्या आधीच निघून गेली. जाताना तिनं सुखीबाईच्या पायाला हात लावला, आणि आम्ही गाव विचारेपर्यंत जीप सुटली. तिची आई का आली नव्हती, कुठल्या तांड्याची, नाव काय, आजवर कळलं नाही. सुखीबाई असेपर्यंत रोज दिवा लावताना पुष्पासोबत तिच्यासाठीही हात जोडायची. आता सुखीबाई नाही.

बुवा उभे राहिले बघा. ते आळवायला लागले की तुम्हीही तिची आठवण काढा. लाल साडीतली, गोड गळ्याची, एवढं म्हटलं तरी चालेल.