सपातेतली चूक

"साखर कमी पडली गं," बाबा म्हणायचे, आणि बतूल हसत हसत हातोडीने साखरेच्या सुळक्याचा आणखी एक खडा फोडून किटलीत टाकायची. दूरदेशीच्या सेफ्रू गावातल्या त्या गल्लीत वडिलांनी मागितलेली साखर नाकारणारी मुलगी शोधून सापडली नसती. आणि घरात कुणालाच 'साखर' नाही, असं घरही विरळाच. आजाराला आणि पाहुणचाराला तिथे एकच शब्द!

बाबा म्हणजे मिमून सपातावाले. कातडी सपाता शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नवरदेवाचा पाय नुसता डोळ्यांनी मापून ते बेतायचे. अकरा वर्षं साखर होती, गोळ्या चालू होत्या, चहाही चालू होता.

आज त्यांना जाऊन तिसरा दिवस.

खोलीत जिथे त्यांची गादी असायची, तिथे आता निळ्या कागदातले साखरेचे सुळके रचले होते. सांत्वनाला येणारा प्रत्येकजण एक घेऊन येई, "तुमच्या माथी बरकत राहो" म्हणे आणि ढिगावर ठेवी. ढीग खिडकीला टेकला होता. बतूल कोपऱ्यात बसून चार महिन्यांच्या तूदाला पाजत होती आणि त्या ढिगाकडे पाहत होती. तिचं दूध दोन दिवस नीट येत नव्हतं. तूदा ओढून ओढून रडवेली व्हायची, मग दमून आईचं बोट मुठीत धरून झोपायची.

"उंच झाला हो ढीग," शेजारची लाल्ला हनिया समाधानाने म्हणाली. "मिमूनचा मानच तेवढा होता. त्या कादिरच्या मयताला याच्या निम्मीसुद्धा साखर नव्हती."

"कादिरनं जन्मभर कुणाला चहा पाजला होता?" दुसरी कुणीतरी म्हणाली आणि बायका तोंडावर ओढणी धरून हसल्या. लगेच गप्प झाल्या.

बतूलची आई, यम्मा रुकिया, विधवेच्या पांढऱ्या कपड्यांत भिंतीला टेकून बसली होती. हनियाने तिच्या हातात चहाचा पेला दिला. "घे गं. दुःखात अंगात गोड गेलं पाहिजे."

यम्माने तो घेतला. तिलाही काठावरची साखर होती. दवाखान्यातल्या नर्सने तसं लिहून पथ्याचा कागद दिला होता. तो कागद मसाल्याच्या फडताळात, डब्याखाली अंथरलेला होता.

तेवढ्यात दारात सी थामी आले. बाजारात त्यांचं जडीबुटीचं दुकान, तेही बापाच्या वेळचं. बतूल लहान असताना खोकल्याला ओवा तिथलाच, बाळंतपणात हळीव तिथलाच. त्यांच्या हातात साखर नव्हती. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी लहान होतं.

"काय हो सी थामी," हनिया म्हणाली, "बाजारातली साखर संपली, की हात आखडला?"

सी थामींनी उत्तर दिलं नाही. यम्मापुढे बसून त्यांनी रुमाल सोडला. आत लांब दांडीचा, गोल आरसा होता.

"अल्ला! अल्ला!" हनिया किंचाळली. "नवऱ्याला जाऊन तीन दिवस नाही झाले, अन् विधवेला आरसा? म्हातारपणी चळ लागला का तुम्हाला?"

"तोंड बघायला नाही आणला, लाल्ला. तळपाय बघायला आणलाय."

"तळपाय?"

"ज्याला साखर आहे त्याचे पाय हळूहळू मुके होतात. खुपलं तरी ओरडत नाहीत. मग डोळ्यांनीच रोज विचारावं लागतं त्यांना. वाकता येत नसेल तर आरशाने." ते थांबले. "हा आरसा मिमूनला द्यायचा होता. वर्षभर दुकानाच्या फळीवर पडून राहिला. देऊ, देऊ म्हणत."

सपातांची ती पिशवी बतूलच्या डोळ्यांपुढे आली. फेज शहरातल्या इस्पितळात बाबांचा पाय कापला, तेव्हा नर्सने त्यांच्या सपाता पिशवीत घालून तिच्या हातात दिल्या होत्या. दोन्ही दिल्या होत्या. उजवीत हात घातल्याबरोबर तिच्या बोटाला कच्चकन टोचलं. कातडं साच्यावर ताणून धरायला ठोकतात तो बारीक खिळा, ती चूक, बाबांच्याच कामाची, सपातेच्या आत उभी राहिली होती. जन्मभर गावाच्या पायांची काळजी वाहिलेला माणूस स्वतःच्या सपातेतल्या चुकेवर चार दिवस चालत होता, आणि त्याला कळलंही नव्हतं! पाय काळा पडून ताप भरला, तेव्हा कळलं. कापल्यावर पाचव्या दिवशी ते गेले.

"आता आरसे वाटताय?" बतूल उसळून म्हणाली. तूदा दचकून जागी झाली. "मेथी तुमच्याच दुकानातून नेली होती मी! भिजवून रोज सकाळी दिली बाबांना. दोन महिने! काय उपयोग झाला तिचा?"

"नेलीस, बेटा. देताना मी काय म्हणालो होतो?"

बतूलने तूदाला खांद्यावर घेऊन थोपटलं. तिला आठवत होतं. पुडी बांधता बांधता ते म्हणाले होते, 'गोळ्यांच्या जोडीला दे. गोळ्यांच्या जागी नको.' आणि घरी येऊन ती बाबांना म्हणाली होती, 'बाबा, गोळ्यांनी पोट जळतं ना तुमचं? सोडा त्या. ही मेथी साखर मुळापासून काढते.' बाबा लेकीच्या मायेने सुखावले होते. गोळ्यांची डबी त्याच दिवशी बंद झाली.

ते अर्धं वाक्य वाटेत तिनेच सांडलं होतं.

"मी मारलं त्यांना," ती पुटपुटली. "माझ्या हातांनी... चहा पण मीच करत होते."

यम्मा हुंदका देऊन म्हणाली, "असं बोलू नको गं, माझ्या काळजा! तू दिलेलं ते किती गोडीनं प्यायचे."

"तेच तर, यम्मा!"

सी थामींचे डोळे भरून आले होते. "सगळं तुझ्या एकटीच्या माथी मारू नकोस. मी एकदा बोललो आणि मोकळा झालो. दर आठवड्याला पुडी बांधत होतो, एकदाही विचारलं नाही की मिमून, गोळी घेतलीस का, पाय बघू. आमच्या मुळ्या-पाल्यांत गुण आहे बेटा, नाही असं नाही. पण डॉक्टरची गोळी, आमची मुळी, ताटातलं अन्न, चालणं, सगळ्यांनी एका घरातल्या माणसांसारखं एकमेकांना विचारून राहायचं असतं. आपण त्यांच्यात सवती-सवतींसारखं भांडण लावून दिलं. आणि दुखल्यावर धावलो. दुखण्याआधी कुणी गेलं का, सांगा!"

हनियाने आपल्या हातातला पेला हळूच खाली ठेवला.

बतूल उठली. तूदाला तिने हनियाच्या मांडीवर दिलं, कोमट पाण्याचं घंगाळ आणलं आणि आईपुढे बसली. सी थामी तोंड फिरवून दारापाशी जाऊन उभे राहिले.

"अगं, लोकांदेखत काय हे?" यम्मा पाय ओढून घेऊ लागली. बतूलने तो सोडला नाही. तूदाला न्हाऊ घालते तसा तिने तो धुतला, बोटांच्या बेचक्या पुसल्या. मग आरसा खाली धरला.

टाचेच्या आतल्या बाजूला एक फोड फुटलेला होता. कडा पांढरट, मध्ये लाल.

"यम्मा, हे कधीचं?"

"काय?"

"इथं. दुखत नाही?" तिने बोट टेकवलं.

"कुठं? काही नाही गं तिथं," यम्मा म्हणाली.

काळ्या पडलेल्या पायाला तिने हात लावला तेव्हा बाबाही अगदी असंच म्हणाले होते. 'काही नाही गं तिथं.' बतूलने आईचा ओला पाय छातीशी धरला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

"उद्या सकाळी दवाखाना," ती शेवटी म्हणाली.

"पांढऱ्या कपड्यांत? घराबाहेर? लोक..."

"औषधपाण्याला बाहेर पडायला कुणाची ना नाही," दाराकडून सी थामी म्हणाले. "मी येतो बरोबर. नर्सबाईंशी मलाही बोलायचंय. यापुढे साखरेवर माझ्याकडे काही मागायला कुणी आलं, तर आधी तिचा कागद बघणार, मग पुडी बांधणार."

यम्माचा फोड तीन आठवड्यांत भरला. फडताळातला कागद भिंतीवर लागला. बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधी बतूलने गल्लीत निरोप दिला, 'आमच्याकडे साखर आणू नका.' लोक कुजबुजले. पण त्या दिवशी लाल्ला हनिया आली ती जवाच्या पिठाची पिशवी घेऊन. यम्मापुढे बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि पाय पुढे केला.

"बघ गं बतूल. हसशील तर याद राख, भेगा आहेत फार."

वाचकहो, सेफ्रू आपल्यापासून दूर आहे, पण आपल्या घरातही माया गोडानेच मोजली जाते. आजारी माणसाला आग्रहाने वाढताना, 'सोडा त्या गोळ्या' असं प्रेमाने सांगताना, आपण कुणाचं अर्धं वाक्य सांडत नाही ना? औषधाला औषधाची जोड द्या, भांडण लावू नका. आणि दुखेपर्यंत थांबू नका! आज घरी गेल्यावर आपल्या म्हाताऱ्यांचे पाय हातात घेऊन बघा. नमस्कारापुरते नको, तळव्यापर्यंत.

बतूल रोज सकाळी घरातल्या सगळ्या सपातांत हात घालून बघते, मगच त्या दारात मांडते. शेवटी एक जोड उरतो. मोठा, पिवळ्या कातड्याचा. त्या उजव्या सपातेतली चूक तिने कधीच उपटून टाकली आहे. तरी तिचा हात रोज आत जातो, टोकापर्यंत जातो, आणि तिथे बराच वेळ राहतो.