रोझामायची प्रार्थना

रोझामाय अलिबागला लेकीकडे राहायला आली ती डोळे अधू झाल्यावर. तिची लेक फिलोमिना कोर्लईची, कॅथलिक घरातली. चंदर मास्तरांशी लग्न झालं आणि ती नवऱ्याच्या प्रॉटेस्टंट देवळात जाऊ लागली. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत आणि रविवारी उपदेश करत. सासूचा त्यांना जाच नव्हता. म्हातारी ओसरीवर जाळी विणल्यासारखी बोटं हलवत बसे, आणि दिवेलागणीला गुडघे टेकून जपमाळ ओढी.

ती माळ नवऱ्यासाठी होती. जुझे ऐन तरुणपणी रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी होडीतून पडून बुडाला होता. दारू प्यायलेला होता, पाद्रीपुढे पापं कबूल करायला सवडच मिळाली नाही. तो शुद्धिस्थानात, स्वर्ग आणि नरक यांच्या मधल्या जागेत, तळमळतो आहे आणि आपल्या प्रार्थनेनं रोज थोडा वर सरकतो आहे, अशी तिची समजूत होती. त्या समजुतीवरच तिनं सारं वैधव्य काढलं.

मास्तरांच्या देवळाच्या मंडळीतल्या कुणीतरी एकदा हसत हसत मास्तरांना विचारलं, तुमच्या घरात मेलेल्यांसाठी जप चालतो म्हणे? मास्तरांना ते लागलं. त्या संध्याकाळी ते सासूशेजारी जाऊन बसले. माणूस मेला की त्याचा निवाडा झाला, तारण होतं ते जिवंतपणी ख्रिस्तावर ठेवलेल्या विश्वासानं, मधली जागा बायबलच्या वचनात कुठंच नाही, असं त्यांनी शाळेतल्या पोरांना समजवावं तसं समजावलं. आपण मायला ओझ्यातून मोकळं करतो आहोत, असंच तेव्हा त्यांना वाटत होतं.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मधली जागा न्हाय, तर मग आमचा जुझे कुठं हाय?"

मास्तरांच्या शिकवणीत उत्तर एकच होतं, नरक. ते त्यांनी तोंडानं दिलं नाही, पण मानही वर केली नाही. म्हातारी काय समजायचं ते समजली.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. पेजेचे दोन घोट घेई आणि वाटी सारी. फिलोमिना नवऱ्याला बोलली काहीच नाही, फक्त त्याच्याकडे बघणं तिनं सोडलं. मास्तरांना त्यांचं मन आतल्या आत खात होतं. प्रार्थना करा म्हणून सांगावं, तर जे खरं वाटत नाही ते तोंडानं कसं म्हणायचं? न सांगावं, तर म्हातारी डोळ्यांदेखत विझत होती. उंबऱ्यापर्यंत जाऊन ते कितीदा तरी मागे फिरले.

श्रावण सरला तशी म्हातारीनं कोर्लईला न्या म्हणून हट्ट धरला. तिघांनी रेवदंड्यापर्यंत बैलगाडी केली, पुढं तरीच्या होडीतून खाडी ओलांडायची. मध्यावर तिनं पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. तेव्हा मास्तरांना राहवलं नाही.

"माय, जुझेबाबा कुठं आहेत ते मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं मी बोललो. बुडताना माणूस देवाला काय म्हणाला, ते कुणी ऐकलंय?"

म्हातारीनं हात काढला नाही. ऐकलं की नाही, तेही कळलं नाही.

कोर्लईतच चार दिवसांत ती वारली. त्याआधी पाद्रीनं येऊन तिला शेवटचं पवित्र तेल लावलं, तिनं आपली पापं हळू आवाजात सांगितली. जुझेचं नाव मात्र तिनं अखेरपर्यंत घेतलं नाही. फिलोमिना उशाशी बसून त्या नावाची वाट बघत होती.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी फिलोमिना कोर्लईला निघाली. मास्तर न विचारता तिच्याबरोबर गेले. सगळं गाव दफनभूमीत मेणबत्त्या लावत होतं. मास्तर सासूच्या नव्या मातीपाशी उभे राहिले, मग गुडघ्यांवर आले. शुद्धिस्थान त्यांना त्या घटकेलाही पटलं नव्हतं. तरी ते देवाला म्हणाले, रोझा आणि जुझे, दोघांना सांभाळ. माझ्या शिकवणीत हे बसत नाही, पण तुला जमेल.

ही गोष्ट मंडळीत पोचायला आठवडाही लागला नाही. वडीलधाऱ्यांनी बोलावून विचारलं, तेव्हा मास्तरांनी नाकारलं नाही. नाताळ होईपर्यंत त्यांना उपदेशाची बंदी झाली. ते त्यांना बरंच वाटलं. शिक्षा त्यांना हवीच होती, आणि ही हलकी होती.

एके दिवशी फिलोमिना मासे साफ करत होती. मास्तर पाणी घेऊन जवळ आले आणि म्हणाले, "फिलू, मला क्षमा करशील?"

"मी केली कधीचीच," ती म्हणाली. "पण अपराध माझा कुठं केलात तुम्ही? मायला विचारा."

"तिला आता कसं विचारू?"

फिलोमिनानं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तिनं त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि बाजूला सरकून त्यांना बसायला जागा केली.

पुढं मास्तर पुन्हा उपदेश करू लागले. शिकवण तीच होती. पण कुणाच्या घरी मयत झालं की ते जाऊन नुसते बसून राहत. गेलेला माणूस कुठं आहे, हे त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही.