चौदा अंशांचा सोमवार

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे, पण ताप मात्र मी आजवर कुणाचाच मोजलेला नाही. माझी नेमणूक दवाखान्याच्या लशींच्या फ्रीजमध्ये. कारखान्यात मला बर्फात बुडवून पारखलं आणि इथे आणून टांगलं. काम एकच: आतला आकडा दाखवायचा. दोन ते आठ अंशांत लस ठीक राहते.

आकडा रोज दोनदा बघून दारावरच्या तक्त्यात लिहायचा, असा नियम होता. औषधसाठा सांभाळणाऱ्या काकांनी त्यात सोय काढली. ते शनिवारीच रविवार आणि सोमवार भरून मोकळे व्हायचे. चार, चार, चार, चार. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "वा! काय शिस्त!" तक्त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. मी आत होतो. दार कुणी उघडलं नाही.

एका रविवारी फरशी घासायचं यंत्र लावायला कुणीतरी फ्रीजचा प्लग काढला. फरशी लख्ख झाली. प्लग तसाच राहिला.

सोमवारी नव्या सिस्टरनी दार उघडलं आणि चक्क माझ्याकडे बघितलं. मी जरा लाजलोच.

"काका, आत चौदा आहे."

"तक्त्यात चार आहे ना? मग चारच."

"तक्ता बाहेर आहे. लस आत आहे."

"त्या म्हाताऱ्या तापमापकाचं काय ऐकतेस! बाहेर बावीस बाळं आहेत. परत पाठवलीस तर बोंब होईल. टोच आणि मोकळी हो."

मित्रांनो, बिघडलेली लस दिसते तशीच. बाळ तेवढंच रडतं, आई तेवढीच निश्चिंत होऊन घरी जाते. फक्त आजार आला की अडवायला कुणी नसतं.

सिस्टरनी मला हुकावरून काढलं आणि हातात धरून बाहेर आल्या.

"आज लस देता येणार नाही. फ्रीज बंद पडला होता. चूक आमची आहे."

बोंब झालीच. "दोन बस बदलून आलेय मी!" एक आई कडाडली. मग नातीला मांडीवर घेतलेल्या एका आजींनी शांतपणे विचारलं, "आजचं कळलं गं बाई. मागच्या सोमवारी आकडा किती होता?"

सिस्टर काकांकडे बघू लागल्या. काका लख्ख फरशीकडे.

"चार लिहिलंय, आजी," सिस्टर म्हणाल्या. "पण बघितलं कुणी नव्हतं."

त्या आठवड्यात मागच्या सोमवारांच्या बाळांची यादी निघाली, घरोघरी निरोप गेले, डॉक्टरांनी एकेकाला पुन्हा तपासायला बोलावलं. प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरलं आणि त्याच खिळ्यावर, बाकांसमोर, तक्ता लागला. सुट्टीचा रकाना आता रिकामा असतो.

परवा फ्रीज पुन्हा रुसला. काकांनी दार उघडलं, चष्मा पुसला, मला दोनदा वाचलं आणि स्वतःच्या हातानं तक्त्यात 'नऊ' लिहिलं. लसीकरण दुसऱ्या दिवसावर गेलं. काका मान खाली घालून बोंबेची वाट बघत उभे होते.

मित्रांनो, माझी फार मागणी नाही. माझं कौतुक करू नका, मला पुसूही नका. आधी बघा आणि मग लिहा, एवढंच.

आजींनी तक्त्याला नाक लावून आकडा वाचला आणि नातीला खांद्यावर टाकलं.

"नऊ आहे ना? म्हणजे आज बघितलंय. चल गं, उद्या येऊ."